अवरेकाईच्या दिवसांतलं इंग्रजी

आठव्या क्रॉसच्या कोपऱ्यावर अवरेकाईचे ढीग लागले की बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये थंडी आली असं समजायचं. शेंगांना एक वास असतो, थोडा तेलकट, थोडा हिरवा, ओल्या गवतावर कोणी तूप सांडावं तसा. कानडीत त्याला सोगडू म्हणतात. मराठीत त्या वासाला शब्द नाही, किंवा असला तर मला माहीत नाही. शेंग बोटांनी चोळायची, बोटं नाकाशी न्यायची, वास लागला तर घ्यायची, नाहीतर पुढच्या ढिगाकडे जायचं. इथल्या बायका असंच करतात. लग्न होऊन निपाणीहून आले तेव्हा मला हे हसू येण्यासारखं वाटायचं. आम्ही पावटा म्हणायचो, आणि पावट्याची उसळ व्हायची तशी व्हायची. त्यासाठी कोणी बोटं हुंगत नसे. इथं मात्र या दिवसांत सकाळी उपम्यात अवरेकाई, दुपारी सारात अवरेकाई, संध्याकाळी डब्यातल्या चिवड्यातही तेच.

काल पिशवीभर घेऊन आले. "आनेकलचा माल आहे अक्का, पहाटे तोडलेला," विकणारी म्हणाली. दरवर्षी ती हेच म्हणते आणि दरवर्षी मी बोटं हुंगूनच घेते. घरी येऊन शेंगा परातीत ओतल्या तेव्हा तो वास खोलीभर पसरला आणि मला ओयुनाचा हिवाळा आठवला. त्या दिवसांना मी मनात तिचंच नाव दिलं आहे. खरं तर ते दिवस तिचे नव्हते, आमचेच होते. पण माणसाला स्वतःच्या वाईट दिवसांना दुसऱ्याचं नाव दिलं की बरं वाटत असावं.

आमच्या घराजवळ परदेशी लोकांना इंग्रजी शिकवणारी एक संस्था आहे. मुलगा नोकरीनिमित्त सर्जापूर रोडला राहायला गेला आणि वरची खोली रिकामी झाली, तेव्हापासून आम्ही तिथले विद्यार्थी घरात ठेवतो. संस्थेच्या बाईंची एकच अट असते: पाहुण्यासमोर घरात इंग्रजीच बोलायचं. ओमानचा एक मुलगा राहून गेला, कोरियाच्या दोघी बहिणी राहून गेल्या, थायलंडचे एक मास्तर राहून गेले. मी जेवण सांभाळायची आणि यांच्याकडे बोलणं. हे म्हणजे माझे यजमान. सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तयार झालेल्या मालात खोट शोधणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम, आणि निवृत्तीनंतर ती सवय त्यांनी पाहुण्यांच्या इंग्रजीकडे वळवली. कोणी "आय गोएड" म्हटलं की हे मान वर न करता "वेंट" म्हणत. पाहुणे चिडत नसत. फुकटची शिकवणी होती.

आमच्या दोघांत मराठी. म्हणजे दोन मराठ्या. माझी निपाणीची आणि यांची बेंगळुरूची. यांचं घराणं इथं इतकं जुनं आहे की मूळ गाव कोणतं ते घरात कोणालाच सांगता येत नाही. "स्वल्प थांब की गं", "सरी, उद्या बघू" अशी यांची कानडी मिसळलेली मराठी; स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं. पहिल्या वर्षी मी त्या मराठीला हसले, दुसऱ्या वर्षी मीही स्वल्प म्हणायला लागले. माहेरची माणसं एकेक करून गेली, मुलगा मराठीत विचारलं तरी अर्धं उत्तर इंग्रजीत देतो. मोजून बघितलं नव्हतं कधी, पण मराठीत मनापासून बोलायला मला या घरात एकच माणूस उरला होता.

दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी हे पेपर वाचत होते. पेपर हातातून सुटला. मी उचलून दिला तर पुन्हा सुटला. "काय हो?" म्हटलं, तर तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. इस्पितळात सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ. घरी आले तेव्हा पाय चालत होते, उजवा हात अर्धामुर्धा होता आणि बोलणं गेलं होतं. सगळं समजत होतं. फक्त एक शब्द शिल्लक राहिला होता: "अदे." कानडीत याचा अर्थ तेच. पाणी हवं असलं तरी अदे, खिडकी लावायची असली तरी अदे, माझ्याकडे बघूनही अदे. मी थोड्याच दिवसांत सगळी अदे ओळखायला शिकले. आवाजाच्या चढउतारावरून कळायचं, हे अदे चहाचं आणि हे अदे चष्म्याचं. शेजारणी म्हणायच्या, किती छान ओळखता तुम्ही. मलाही त्याचा थोडा अभिमान वाटायचा.

बोलणं शिकवायला एक तरुण मुलगी यायची. चित्रांची कार्डं दाखवायची. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "घरात कोणती भाषा?"

"मराठी."

"मला येत नाही. मी कानडीत घेते. मराठीचं तुम्ही करा, रोज थोडं थोडं."

मी रोज थोडं थोडं केलं. चमचा समोर धरायचा आणि म्हणायचं, "हे काय?" हे चमच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि मान फिरवायचे. दुसऱ्या दिवशी कंगवा, तिसऱ्या दिवशी किल्ली. मान फिरायचीच. ज्या बाईसमोर सगळा जन्म रुबाबात काढला, तिनं चमचा धरून परीक्षा घ्यावी, हे त्यांना सोसत नव्हतं. तेव्हा मला वाटलं होतं, शब्दच नाहीत.

या सगळ्यात संस्थेकडून पूर्वीच ठरलेली पाहुणी मी विसरूनच गेले होते. आठवण झाली तेव्हा बाईंना फोन केला, की आता आमच्याकडे कोणाला ठेवता येणार नाही. त्या म्हणाल्या, "ती मंगोलियातून निघालीसुद्धा. दुसरं घर मिळेपर्यंत ठेवा." दुसरं घर मिळालं नाही, किंवा कोणी शोधलं नाही.

ओयुना तिशी उलटलेली होती. रुंद चेहरा, मोठं हसू, जिना चढताना घर दणाणेल असं चालणं. एका खाणीच्या ऑफिसात हिशेब बघायची. इंग्रजीची परीक्षा पास झाली तर वरची जागा मिळणार होती. लहान मुलीला आईपाशी ठेवून ती आली होती. डिसेंबरात सगळं मल्लेश्वरम स्वेटर आणि कानटोप्या घालून फिरत होतं आणि ही अर्ध्या बाह्यांच्या कपड्यात, अनवाणी, अंगणात उभी राहून म्हणायची, "व्हेरी हॉट." दूधवाला तिच्याकडे बघत राहायचा.

आल्या आल्या भाजीवाली, फुलवाली, रिक्षावाला सगळे मला अक्का म्हणतात हे तिनं ऐकलं आणि तेच माझं नाव असं ती धरून चालली. मीही सुधारलं नाही.

यांच्याबद्दल मी तिला सांगितलं की आजारी आहेत, बोलता येत नाही. ती म्हणाली, "सेम. मलाही बोलता येत नाही." आणि हसली. मला ते हसणं तेव्हा आवडलं नव्हतं.

अवरेकाईचं एक मेहनतीचं रूप आहे. सोललेले दाणे रात्रभर पाण्यात भिजत ठेवायचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल बोटांत राहते, आतली डाळ सुळकन निसटते. याला हितकिदबेळे म्हणतात, दाबून काढलेली डाळ. घरातले सगळे बसले तरच संपतं. हाताला व्यायाम हवा असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं, म्हणून मी पातेलं यांच्यापुढे ठेवलं आणि ओयुनाला समोर बसवलं. यांच्या उजव्या चिमटीत जोर नव्हता. दाणा दाबला की डाळ पातेल्यात न पडता भलतीकडेच उडायची. एक ओयुनाच्या कपाळावर बसली. ती खो खो हसली आणि तिनंही मुद्दाम एक यांच्यावर उडवली. मी स्वयंपाकघरात गेले. हा खेळ मला बघवत नव्हता.

आतून तिची बडबड ऐकू येत होती. तिच्या भाषेत तो आणि ती यांना वेगळे शब्द नाहीत, त्यामुळे इंग्रजीत ती सगळ्यांनाच ही, म्हणजे 'तो', म्हणायची. माझी आई, ही. माझी मुलगी, ही. ती यांना सांगत होती, "अक्का इन किचन. ही इज कुकिंग."

आणि मला यांचा आवाज आला. अदे नव्हे, दुसराच.

"शी!"

मला वाटलं शेंगेत अळी निघाली. या शेंगांत हमखास निघते. मी हात तसेच घेऊन बाहेर धावले. "काय झालं? अळी आहे का?"

हे माझ्याकडे बघतच नव्हते. ओयुनाकडे बघत होते, कपाळाला आठी घालून, कारखान्यात एखादा पार्ट नापास करताना घालत असतील तशी.

"शी," पुन्हा म्हणाले.

ओयुनानं तोंडावर हात नेला. "ओ! सॉरी. शी इज कुकिंग."

"येस," हे म्हणाले, आणि पुढचा दाणा उचलला.

तर अदेनंतरचा यांचा पहिला शब्द म्हणजे दुसऱ्याची चूक काढणं होतं. मी उभीच राहिले. आनंद झाला असं लिहायला हवं, आणि झालाही असेल. पण मला स्पष्ट आठवतं ते हे, की माझ्या हाताला बेसन लागलं होतं आणि ते वाळेपर्यंत मी तिथं उभी होते.

मग दुपारच्या दुपारी ते दोघं बसायला लागले. ती चुकायची, हे दुरुस्त करायचे. हे अडकायचे, ती थांबायची. तिला पुढचा शब्द सुचवता यायचा नाही, कारण तो तिलाही यायचा नाही. दोघंही एकाच शब्दाच्या दाराशी उभे राहायचे आणि आधी कोणाला तरी आत जाता यायचं. संस्थेनं तिला घरच्या माणसांना प्रश्न विचारायचा सराव दिला होता. एकदा तिनं विचारलं, "व्हॉट इज युवर वाइफ्स नेम?" आणि आपणच उत्तर दिलं, "अक्का."

हे हसले. आजारानंतर पहिल्यांदा. "नो. नो अक्का." मग थोडं थांबून, "सुमन. हर नेम… सुमन."

लग्नापासून यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. आमच्यात तशी पद्धत नव्हती. अगं, ऐकलंस का, मुलगा झाल्यावर त्याची आई. मी शेजारी बसून भाजी निवडत होते. ओयुना माझ्याकडे वळून म्हणाली, "सुमन! अक्का नाही?" मी म्हटलं, दोन्ही चालतील. पण आपलं नाव नवऱ्याच्या तोंडून ऐकायला एक परका माणूस आणि एक परकी भाषा लागावी, हे मला नीट कळलं नव्हतं, अजून कळलेलं नाही.

इंग्रजी येत गेलं. फुलवाली आली की तिच्याशी कानडीही यायला लागली, "याकम्मा, लेट?", म्हणजे का गं, उशीर, असं काहीबाही. सकाळी मी मराठीत विचारायची, "झोप लागली का?" तर उत्तर "येस". "चहा देऊ?" "सरी." मराठी काही येईना. मुलगा रविवारी आला, वडलांशी इंग्रजीत गप्पा मारून खूश झाला.

"आई, बाबा किती इम्प्रूव्ह झालेत! तू एवढी गप्प का?"

"मराठी येत नाही रे त्यांना."

"येईल गं. आणि नाही आली तरी काय प्रॉब्लेम आहे? तुला इंग्रजी येतंच की."

येतंच. चहा देऊ का, गोळी घेतली का, हे सगळं इंग्रजीत होतं. पण त्याला कसं सांगू, की संध्याकाळी दिवे लागल्यावर, काही काम नसताना, उगाच जे बोललं जातं ते मला इंग्रजीत येत नाही. त्याला ते कोणत्याच भाषेत लागत नाही अजून. तो तरुण आहे.

ओयुनाच्याही चेहऱ्यावरची कळा तोवर गेली होती. संध्याकाळी ती मुलीला फोन लावायची. सुरुवातीला मुलगी पडद्यावर नाचायची, गाणी म्हणायची. मग हळूहळू ती लाजायला लागली. आजीच्या पाठीमागे लपायची. आजी तिला ओढून पुढे आणायची आणि ती पुन्हा पळायची. एकदा फोन ठेवून ओयुना स्वयंपाकघरात आली आणि लसूण सोलायला बसली. मला वाटतं त्या दिवशी आमची खरी ओळख झाली. मी तिला माझ्या इंग्रजीत म्हटलं, "तुझ्याशी ते बोलतात. माझ्याशी नाही."

ती लसूण सोलत राहिली. मग तिनं जे सांगितलं ते तिच्या मोडक्या इंग्रजीतून उचलून लिहायचं तर असं: "तू फार लवकर देतेस. त्याला पाणी पाहिजे, तू आधीच आणतेस. त्याला थंडी, तू आधीच शाल. मग शब्द कशाला? मला काहीच समजत नाही. म्हणून त्याला बोलावं लागतं."

मला राग आला. सगळ्या गल्लीनं ज्याचं कौतुक केलं होतं, तेच ही चूक म्हणून दाखवत होती. मी म्हटलं, "तुला लग्न झाल्यावर कळेल." ती म्हणाली, "झालं होतं." पुढे दोघी लसूण सोलत बसलो.

परीक्षा संक्रांतीच्या आधी होती. लेखी तिनं चांगली दिली. तोंडी परीक्षेत समोरच्या माणसानं भरभर प्रश्न विचारले आणि ती गोठून गेली. "सर थांबतात," ती यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो माणूस थांबला नाही." गुण कमी पडले. आणखी एक सत्र राहून पुन्हा बसता आलं असतं, संस्थेच्या बाईंनी आग्रहही केला. पण मुलगी फोनवर यायचीच बंद झाली होती. ओयुना म्हणाली, घरी जाते. संक्रांतीला मी तिच्या हातावर एळ्ळु-बेल्ल ठेवलं, तीळ, गूळ, खोबऱ्याचे तुकडे. तिनं ते कागदात बांधून घेतलं, मुलीसाठी. विमानतळाच्या गाडीत बसताना ती यांना म्हणाली, "सर, टेक केअर ऑफ अक्का. ही इज गुड."

"शी," हे म्हणाले. ती हसत हसत रडली, किंवा उलटं असेल.

ऑफिसातली वरची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. ती जुन्याच टेबलावर परत बसली. मुलगी मात्र आता तिच्या अंगावरून उतरत नाही, असं तिनं नंतर फोनवर सांगितलं. मागे एक छोटा, कर्कश, हुकूम सोडणारा आवाज येत होता. ओयुना मध्येच फोन सोडून त्याला उत्तर देत होती. तिचं इंग्रजी बिघडलं होतं. ती खूश वाटली.

ती गेल्यावर घर फारच शांत झालं. दुपारी हे खुर्चीत बसायचे आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे. चूक करायला कोणी नव्हतं. इंग्रजीही कमी होत चाललं. माझ्याशी ते एखाद्या शब्दापलीकडे इंग्रजीत बोलायचे नाहीत, आणि मराठीत त्यांना बोलता येत नव्हतं. पुन्हा अदे ऐकू यायला लागलं. मला भीती वाटली ती तेव्हा. इस्पितळात वाटली नव्हती इतकी.

अवरेकाई बाजारातून संपली होती. ऊन वाढत होतं, रस्त्याकडेची झाडं गुलाबी व्हायला लागली होती. एका दुपारी आम्ही जेवायला बसलो. यांचा भात कालवून झाला, आणि ताकाचं भांडं माझ्या बाजूला होतं. यांनी भांड्याकडे बघितलं. माझा हात सवयीनं निघाला होता. मी तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"अदे," हे म्हणाले.

"काय?"

त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. "अदे. देअर."

"मला इंग्रजी कळत नाही," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "कोडु." कानडीत, दे.

"कानडीपण नाही कळत."

असलं काही मी आयुष्यात केलेलं नाही. भुकेल्या माणसापुढे, आजारी माणसापुढे भांडं अडवून बसणं. भात ताटात सुकत होता. यांचा चेहरा लाल व्हायला लागला, ओठ हलत होते, गळ्याची शीर वर आली. मला वाटलं, हे मी थांबवायला हवं, यांना पुन्हा काही झालं तर मुलाला काय सांगू. हात पुन्हा उचलला जात होता. मी तो दुसऱ्या हातानं दाबून धरला. बाहेरून भंगारवाला ओरडत गेला, लांब गेला. मी बसून राहिले.

यांनी डावा हात टेबलावर आपटला. ताट उडालं.

"दे की गं ते ताक! किती… किती वेळ…"

पुढचं सापडलं नाही. पण तेवढं पुरे होतं. मी भांडं उचललं आणि घाईघाईनं ओतलं. ताक ताटात कमी आणि टेबलावर जास्त पडलं.

"नीट!" हे ओरडले. "नीट ओत की! काय… सगळं… सांडलीस बघ!"

तेवढ्यात फोन वाजला. मुलगा होता, रविवारी येता येणार नाही हे सांगायला. मी एका हातानं फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं टेबल पुसत राहिले. मागे यांचं चालूच होतं, तुटक तुटक, पण मोठ्यानं, माझ्या वेंधळेपणाबद्दल.

"आई," मुलगा घाबरून म्हणाला, "बाबा ओरडतायत का? काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "मराठीत ओरडतायत."